दोन वेढ्यांचा आकडा

क्लॅम्प मीटरवर दहा अँपियर दिसले आणि मी दहाच धरले. खरे होते पाच. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नाहीतर स्वतःची फजिती रंगवून सांगणं हा माझा आवडता उद्योग. दुसऱ्याचीच मोटारसायकल आपली समजून भोसरीभर फिरवली, हे मी भर पंगतीत सांगतो. हे मात्र नाही.

तिथल्याच एका वर्कशॉपात मी मेंटेनन्स बघायचो. रंगवलेले पार्ट सुकवायला आमच्याकडे भट्टी होती, तिच्यात दोन सारखे हीटर. एक जळाला. त्याच्यावरचे आकडे पुसलेले, म्हणून दुसरा चालू हीटर मोजायचा आणि तसाच बनवून आणायचा — एवढंच काम. पण वायरभोवती जबडा लावून करंट मोजायचं आमचं क्लॅम्प मीटर म्हातारं. करंट कमी असला की आकडा नाचायचा. मग त्याच्या जबड्यातून वायरचे दोन वेढे घ्यायचे, म्हणजे करंट दुप्पट दिसतो, आणि दिसेल तो आकडा अर्धा करायचा. ही युक्ती शॉपमध्ये सगळ्यांना शिकवली कोणी? मीच. ऐटीत.

आणि अर्धा करायला विसरलो तोही मीच.

गणित मात्र — चीड येते ती याचीच — गणित अगदी बरोबर केलं. दोनशे तीस व्होल्ट भागिले दहा, रेझिस्टन्स तेवीस ओहम. दोनशे तीस गुणिले दहा, पॉवर तेवीसशे वॅट. कॅल्क्युलेटरवर पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. मुळात चुकलेला आकडा ताडून बरोबर होतो का? हवा होता शेहेचाळीस ओहमचा, साडेअकराशे वॅटचा. मी दुप्पट ताकदीचा हीटर करून आणला आणि दत्तूला बसवायला दिला.

दत्तू लातूरकडचा, कॉन्ट्रॅक्टवर होता. त्याच महिन्यात परमनंट व्हायचा होता. घरी सांगूनही बसला होता बिचारा. त्यानं हीटर नीट बसवला. दुपारी वायर वितळली, भट्टीतले पार्ट करपून काळे झाले.

मॅनेजरनं विचारलं, "कनेक्शन लूज ठेवलं होतंस का?"

"न्हाई सर, चांगलं आवळलंय."

मग ते माझ्याकडे वळले. मला तोवर उमगलं होतं — ते दोन वेढे, तो न केलेला अर्धा. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणालो? "असू शकतं." धड खोटंही बोललो नाही, बघा. पण दत्तूचा कॉन्ट्रॅक्ट संपवायला तेवढं बास झालं. नंतर मी गुपचूप योग्य हीटर आणून लावला. वर शाबासकी घेतली. घेतलीच.

परवा काळेवाडीला जायला शेअर रिक्षात बसलो, तर चालवणारा दत्तू. बाकीची माणसं उतरली, आम्ही दोघंच उरलो. म्हटलं, आता सांगायचं. मी घसा साफ केला — आणि ट्रॅफिकवर बोललो. मग उकाड्यावर. मग त्याच्या रिक्षाच्या ॲव्हरेजवर. माझा स्टॉप आला, रिक्षा थांबली, तरी मी बसूनच.

दत्तूनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"उतरा भाऊ. तुमाला तवा सांगता आलं न्हाई, आता काय सांगणार?"