नऊ रात्रींचा उजेड

कुरकुंभचा डोंगर दिसायला लागला तरी हनुमंत बोलला नव्हता. पाटसहून आम्ही फिरंगाई देवीच्या दर्शनाला निघालेलो, नवरात्राची पाचवी माळ, पायात काही नाही. बाकीच्या बाया पुढं गेल्या होत्या. एरवी हा वाटभर चेष्टा करतो.

"काय रे, तोंडाला कुलूप घातलंय का?"

"काकू, मासा झोपत न्हाई," तो म्हणाला.

हनुमंत आमच्या शेजारच्या मल्हारी आप्पांचा मुलगा. आप्पांनी जन्मभर मेंढरं राखली. हा वायरमनचं शिकून रांजणगावला कंपनीत लागला आणि अकरा वर्षं रातपाळी केली. रात्री डोक्यावर ट्यूबलाईट, दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप नाही. शेवटी चालू मशीनसमोर उभ्या उभ्या डोळा लागला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. गावी आल्यावर इथले बागायतदार मारुतराव, त्यांच्या बंगल्यावर कामाला राहिला.

बंगल्याच्या हॉलमध्ये मारुतरावांच्या मुलानं, पृथ्वीराजनं, खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी केली आहे. आत थोडे मासे आणि पोवळ्याच्या जातीचे जीव. मला ते रंगीत दगडच वाटले होते.

"दगड कसले काकू, जनावरं हायत. माझी मेंढरंच म्हणा," हनुमंत हसायचा.

टाकी बसवणाऱ्यानं त्याला वेळा लिहून दिल्या होत्या. सकाळी नऊला निळा उजेड, अकराला पांढरा, संध्याकाळी पुन्हा मंद निळा, रात्री नऊला सगळं बंद. टायमर होता, तरी हनुमंत रात्री नऊला टाकीपुढं जाऊन उभा राहायचा. दिवसा ते जीव उजेडावर जगतात, अंधार झाला की बारीक बारीक तोंडं उघडून खातात, हे त्यानंच मला दाखवलं.

यंदा घट बसला तो टाकीशेजारीच. पहिल्या रात्री नऊला टाकीची लाईट बंद झाली तशा मारुतरावांच्या आई, साखरबाई, कडाडल्या, "देवीपुढं अंधार करतोस व्हय रं? अखंड म्हंजी अखंड. काढ ते घड्याळ!"

त्यानं टायमर काढला, टाकी रात्रभर उजेडात राहिली. तिसऱ्या संध्याकाळी मात्र राहवलं नाही, कुणाला न विचारता बटण बंद केलं. तासाभरात दौंडहून फोन आला. पृथ्वीराजची गाडी उलटली होती, मांडीचं हाड मोडलं होतं.

"साखरबाई आत्या वरडल्या असत्या तर बरं झालं असतं," हनुमंत म्हणाला. "नुसतं बघितलं माझ्याकडं. म्हणल्या, तू इझवलंस. लाईट परत लावली, तवापासून त्यांची खाट बटणाखालीच हाय."

खरं सांगते, गाडीचं ऐकलं तेव्हा माझ्याही मनात तेच आलं होतं.

"मारुतराव काय म्हणतात?"

"ते दवाखान्यात. फोनवर म्हणले, पोरानं जीव लावलाय त्यावर, एक जरी मेलं तर दारात येऊ नकोस. आन् हिकडं पोवळ्यांच्या कडा पांढऱ्या पडाय लागल्यात. राख फासल्यावानी. एक मासा रोज रातच्याला वाळूत शिरून झोपायचा. चार रात्री झाल्या, नुसता काचंवर तोंड आपटत फिरतोय. त्याचं काय हुतंय ते मला कळतं, काकू." त्यानं डावा हात खिशात घातला. "अजून पाच रात्री हायत. तवर काय उरत न्हाई."

मी म्हणाले, "अरे, घटाचा दिवा तेवत असला की देवीला पुरतं. टाकीचा उजेड कुठं सांगितलाय?"

"मी म्हणलं तर ऐकतील का त्या?"

मागून ट्रक आला तसं त्यानं मला रस्त्याच्या कडेला घेतलं. रोज दुपारी साखरबाईंकडं पोथी वाचायला मी जाते, हे त्याला माहीत होतं. माझी दोन्ही पोरं रोज मोटारसायकलवर रांजणगावला जातात, हेही.

"काकू, आज वाचून झालं की तुम्ही सांगा त्यांना. आन् रातच्याला नऊला या. मी परत हात लावणार न्हाई. बटण तुमच्या हातानं बंद करा."