उसवलेला झगा

चर्चमध्ये तिला सगळे झगेबाई म्हणत. खरं नाव विचारलं असतं, तर निम्म्या मंडळीने डोकं खाजवलं असतं. बाप्तिस्म्याला बाळ जो पांढरा झगा घालतं तो तिच्या हातचा, हे इतकं ठरलेलं होतं की नवं जोडपं पाळकसाहेबांकडे जायच्या आधी तिच्याकडे यायचं.

तिची एक रीत होती. कोणाला दिवस गेल्याचं कानावर आलं, की त्याच दिवशी झगा बेतायचा. बाळ तिकडे वाढतंय तर झगाही इकडे वाढू दे, असं ती म्हणायची. कापायचा, कच्चा टाका घालून ठेवायचा, जमेल तशा चुण्या घालायच्या आणि पक्की शिलाई बाळ हातात घेऊन, माप बघून मगच मारायची. जगातली निम्मी माणसं घाईने शिवल्यामुळे बिघडली आहेत, असंही तिचं एक मत होतं, आणि ते ती कोणालाही न विचारता सांगायची.

दुसरी ख्याती तिच्या प्रार्थनेची. लोक प्रश्न घेऊन यायचे. ही नोकरी सोडू का, भावाशी बोलणं पुन्हा सुरू करू का, आईचं ऑपरेशन करावं का. ती आतल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि बाहेर आली की दोनच उत्तरं असायची. ‘शांती मिळाली’ किंवा ‘नाही मिळाली’. पाळकसाहेबांच्या तासाभराच्या प्रवचनापेक्षा लोकांचा या दोन शब्दांवर जास्त भरवसा होता. पाळकसाहेबांनाही ते ठाऊक होतं. स्कूटर घ्यावी की नाही हे विचारायला ते स्वतःच एकदा मागच्या दाराने येऊन गेले होते.

ढोंगी मात्र ती नव्हती. आजारी म्हातारीच्या उशाशी बसायला, पोराबाळांच्या भांडणात पडायला, कोणाच्या अंत्यविधीला सगळ्यांत आधी पोचायला तिला कधी बोलावणं लागलं नाही. देवावर तिचा खराखुरा विश्वास होता, आणि या गोष्टीतलं दुःख तिथूनच सुरू होतं.

तिला एक धाकटा भाऊ होता. घरात त्याला राजा म्हणत. तो जन्मापासून अधू. कधी चालला नाही, कधी बोलला नाही, दोन वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता. आई लवकर गेली आणि राजा हिच्या गळ्यात पडला. त्याला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुणं, सगळं हिनेच केलं. तिला बघायला आलेली माणसं राजाला बघून परत जायची. तो गेला तेव्हा तिची तिशी उलटली होती. मग कुठे लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि ती शाळेत असतानाच नवराही गेला. मुलगी मोठी होत असताना तिने राजामामाच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या. जखमांच्या, वासाच्या, जागून काढलेल्या रात्रींच्या. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी आई म्हणायची, “तुझ्या वाट्याला असं काही येऊ नये गं.”

लेक पुढे चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. जावई बस चालवायचा. दोन मुलं झाली, दोघांनाही आजीचा झगा. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा लेक स्वतःच कापड घेऊन आली. पांढऱ्यावर पांढरेच बारीक ठिपके विणलेले. “ताग्याचं शेवटचं टोक होतं, आई. एकाच झग्यापुरतं. दुकानदार म्हणाला, असं आता येत नाही.” झगेबाईने हात पुसले आणि तिच्यासमोरच कात्री चालवली.

काही आठवड्यांनी लेक पुन्हा आली, भर दुपारी, कामाचे कपडे अंगावर तसेच. झगेबाई खिडकीपाशी तोच झगा मांडीवर घेऊन बसली होती.

“तपासणीत काहीतरी निघालं, आई.” लेक दाराजवळच्या स्टुलावर बसली. “बाळाच्या मेंदूची वाढ नीट नाही. डॉक्टर म्हणतात, जगेल बहुधा. पण चालणं, बोलणं याची आशा धरू नका. काय करायचं ते तुम्ही ठरवा म्हणाले, पण लवकर ठरवा.”

“जावईबापू काय म्हणतात?”

“ते म्हणतात, तुला झेपेल ते कर. मला... मला ठेवावंसं वाटतंय गं. पण भीतीही वाटते. माझ्या मनाचं काही खरं नाही. तू विचार ना देवाला.”

झगेबाईने मांडीवरचे कापडाचे तुकडे खुर्चीवर ठेवले आणि ती आत गेली. दार लोटलं. बाहेर लेक घड्याळाची टिकटिक ऐकत बसली. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा खरंच निवळलेला होता.

“शांती मिळाली,” ती म्हणाली. “मोकळी हो, बाळा. देव तुझ्यावर हे ओझं टाकणार नाही.”

लेक थोडा वेळ खुर्चीकडे बघत राहिली. मग उठली आणि गेली. त्याच आठवड्यात सगळं उरकलं. चर्चमध्ये कोणाला काही कळलं नाही. ‘राहिलं नाही’ एवढंच झगेबाईने सांगितलं, आणि लोकांनी हळहळून तिचा हात हातात घेतला. लेक कामावर परत गेली. कधी मुलांना जेवायला वाढता वाढता तिचा हात थांबायचा, डोळे भरून यायचे. जावई विचारायचा, “चुकलं का गं आपलं?” त्यावर तिचं एकच उत्तर असायचं, “आईने प्रार्थना केली होती.” त्या एका वाक्यावर ती उभी होती.

वर्ष उलटलं. शेजारच्या बेकरीवाल्याच्या घरी नात झाली आणि तिचा बाप्तिस्मा ठरला. झगेबाईकडे त्या दिवसांत कापड कमी पडलं. पेटीच्या तळाशी एका झग्याचे कापलेले तुकडे घडी घालून ठेवलेले होते. चांगलं कापड पडून राहणं तिच्या जिवाला लागायचं. हात सरावाने चालले, झगा झाला.

रविवारी पाळकसाहेबांनी बाळाच्या कपाळावर पाणी घातलं. बाळाने भोकाड पसरलं, मंडळी हसली. तिसऱ्या रांगेत बसलेली लेक उभी राहिली. रडत नव्हती. दोन्ही मुलांचे हात धरून ती मधल्या वाटेने सरळ बाहेर गेली. त्यानंतर ती चर्चमध्ये आली नाही, आईकडेही फिरकली नाही.

दुसऱ्याचं बाळ बघून जीव तुटला असेल, असं झगेबाईने स्वतःला समजावलं. पण मनात पाल चुकचुकत राहिली. एका सकाळी ती चिंध्यांची पिशवी निवडायला बसली आणि हाताला एक चिंधी लागली. पांढऱ्यावर पांढरे ठिपके. बेकरीवाल्याच्या नातीला आपण काय घातलं, ते तिला तेव्हा कळलं.

त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न आला. हा झगा आपण उसवला कधी? कच्चा टाका तर पूर्ण झाला होता. ती आठवत बसली, आणि आठवलं. त्या दुपारी आत जाऊन गुडघे टेकले, तेव्हा तिच्या मांडीवर दोऱ्यांचे बारके तुकडे चिकटलेले होते. ते तिने झटकले होते. मग डोळे मिटले होते.

म्हणजे लेक बोलत होती तेव्हाच हाताने टाके काढून टाकले होते. देवाला विचारायच्या आधीच उत्तर ठरलं होतं, आणि त्या उत्तराने जो सुटकेचा श्वास सुटला, त्यालाच ती शांती म्हणाली होती. आयुष्यभर ज्या खुणेवर विसंबली ती खूण आज तिला परकी वाटू लागली. आजवर कितीजणांना आपण असं पाठवलं असेल, या विचाराने ती हादरून गेली.

ती पाळकसाहेबांकडे गेली. नाव न घेता विचारलं, “श्रद्धा असलेला माणूस प्रार्थनेतच फसू शकतो का हो?”

पाळकसाहेब वयाने लहान आणि मनाने भले होते. म्हणाले, “मन शुद्ध असेल तर देव फसू देत नाही, बाई.”

“मन शुद्धच होतं,” ती म्हणाली. “नुसती घाबरले होते.”

त्यांनी चहाचं विचारलं. ती नको म्हणाली.

आता पेच असा होता, की लेकीला सांगावं तर तिच्या पायाखालची जमीन काढून घ्यावी लागणार. न सांगावं तर देवाच्या नावावर आपली भीती खपवायची, तीही मरेपर्यंत. असा आठवडा गेला. शेवटी ती लेकीच्या घरी गेली. जावई कामावर होता, मुलं शाळेत. लेक स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिने आईला आत घेतलं, पण बस म्हणाली नाही.

झगेबाईने उभ्यानेच सांगितलं. “ते उत्तर देवाचं नव्हतं, बाळा. माझं होतं. मी आत जायच्या आधीच...”

“झगा उसवलास,” लेक म्हणाली. “माहीत आहे मला. मी समोर बसले होते, आई. मी एकेक शब्द बोलत होते आणि तू एकेक टाका ओढत होतीस.”

“मग डॉक्टरकडे गेलीस कशाला गं?”

लेकीने पुसलेली ताटली पुन्हा पुसली. “वाटलं, आईचे हात घाबरले असतील. पण प्रार्थना कशी घाबरेल? तू बाहेर आलीस, तुझा चेहरा बघितला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. म्हटलं, देव बोललाय, आपण कोण? मग त्या बाळाच्या अंगावर तो झगा दिसला. तुला आठवतही नव्हतं.”

झगेबाई खुर्चीवर बसली. लेक ताटली ठेवून समोर येऊन बसली.

“एक विचारू? राजामामा कधी हसायचा का गं?”

“हसायचा की,” झगेबाई म्हणाली. “ मी मशीन चालवायला लागले की हसायचा. पायाखालच्या पट्टीचा खडखडाट त्याला फार आवडायचा. मी मुद्दाम थांबायचे, की तो माझ्याकडे बघत राहायचा. पुन्हा सुरू केलं की असा खदखदून हसायचा की शेजारचे विचारायचे, आज काय झालं? त्याच्यासाठी मी रिकामी मशीनसुद्धा चालवायचे. दोरा न ओवता.” बोलता बोलता तिलाही हसू आलं होतं. “तो गेल्यावर कितीतरी दिवस मशीनला हात लावला नाही मी.”

लेक तिच्याकडे बघत होती. तिचे डोळे काठोकाठ भरले होते.

“हे तू मला कधीच सांगितलं नाहीस, आई.”

झगेबाईने आठवून बघितलं. जखमा सांगितल्या होत्या. वास सांगितला होता. परत गेलेली स्थळं तर नावानिशी सांगितली होती.

“त्या दुपारी एवढंच सांगितलं असतंस,” लेक म्हणाली, “तर देवाला विचारायची गरजच पडली नसती.”

सवयीने झगेबाईचे हात प्रार्थनेसाठी जुळायला निघाले होते. ते तिने मांडीवर ठेवले आणि मुलं शाळेतून येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.