सात गाद्या, वीस पाहुणे

पाहुण्यांचं वेळापत्रक करता येतं, असा माझा समज होता.

बोईसरच्या एका कारखान्यात मी उत्पादनाचं नियोजन बघतो (तिन्ही पाळ्या माझ्या कागदावर चालतात, असं मी घरी सांगतो). त्यामुळे आमच्या साताऱ्याकडच्या गावातून वीस नातेवाईक समुद्र बघायला येणार म्हटल्यावर यादी मीच करायला घेतली. सोमवार ते शुक्रवार यायचं, प्रत्येकाने दोन रात्री राहायचं. पाहुण्यांसाठी गाद्या सात.

"रोज चारजण," मी जाहीर केलं. "कुणावर अन्याय नको."

माझी बायको सुनंदा भाजी निवडता निवडता म्हणाली, मध्ये एखादा दिवस मोकळा ठेवा. मी हसलो. शेजारच्या काकू जादा गादी द्यायला आल्या, तर त्यांनाही मी वेळापत्रक दाखवून परत पाठवलं.

सोमवारी चारजण आले, ऐसपैस झोपले. मंगळवारी आणखी चार आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की सोमवारचे अजून गेलेलेच नाहीत! (जाणार कसे? दोन रात्री राहाच, असा आग्रह मीच केला होता.) आठवे निघाले सुनंदाचे मोठे मामा. त्यांना माझा पलंग देऊन मी सतरंजीसकट गच्चीवर गेलो. बुधवारी कालचे चार, आजचे चार. पुन्हा आठ, पुन्हा गच्ची. गुरुवारीही तेच.

शुक्रवारी सकाळी काकू बोंबील वाळत घालायला वर आल्या. मी टाकीला टेकून घोरत होतो.

"भाऊ, घरात भांडण झालं काय?"

"नाही हो. उकडत होतं."

"डिसेंबरात?" त्यांनी बोंबील पसरायला घेतले. "खाली गादी ठेवलीय. वयनीनं मागितली. तुमाला सांगू नको म्हणाली हाय, म्हणून सांगत नाय."

खाली सुनंदाने चहा दिला आणि कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं: सात, शून्य, सात, शून्य, सहा. म्हणाली, कालचे आणि आजचे, एवढेच एका वेळी घरात असतात. लागोपाठचे कुठलेही दोन दिवस जोडा, सातच्या वर जात नाही. मी सगळ्या जोड्या तपासल्या. निदान एकूण बेरीज तरी चुकली असेल म्हणून तीही केली. वीसच भरली.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही हसत होता."

यंदा पुन्हा वीसजण येणार आहेत. यादी सुनंदाची. मला फक्त स्टेशनवर घ्यायला जायचंय, आणि कुठल्या दिवशी जायचं नाही, तेही तिने मला दोनदा समजावून सांगितलंय.