लसूणघासाचा सासुरवास

कळंबजवळच्या चाऱ्याच्या संशोधन शेतावर मी नोंदी ठेवते. रजिस्टरमध्ये उंची, पानं, रोग, सगळ्याला रकाने आहेत. गमतींना मात्र रकाना नाही, म्हणून त्या डोक्यातच साठतात!

*

आमचं पीक लसूणघास, म्हणजे गुरांचा हिरवा चारा. एकदा मुकुटबनचे एक काका गाडी थांबवून आत आले. "बाई, दोन किलो लसूण द्या, घरी पाहुणे हायेत."

मी वाफा दाखवला. त्यांनी पान चुरगाळून हुंगलं. "याले तं वासच नाही! खत कमी पडलं काय जी?"

*

आमच्या शास्त्रज्ञ मॅडमना तांबेरा रोग न लागणारं वाण काढायचं होतं. त्या चिमट्याने एका झाडाच्या फुलातले पराग दुसऱ्याच्या फुलावर लावायच्या आणि वर चिठ्ठी बांधायच्या. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग बापाचं.

शेतावर मजुरीला असलेल्या आमच्या शांताबाईंनी मला ते वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "एवढ्या उमरीत पह्यल्यांदा पाह्यलं, मायचं नाव आधी!"

*

रोपं वाढली. मॅडम म्हणाल्या, "आज तांबेरा फवारायचा."

शांताबाई पंप खाली ठेवून उभ्याच राहिल्या. "लोकं रोग घालवाले फवारतात, अन् आपण रोगच फवारून राह्यलो?"

"सगळ्या ओळींना आजारी पाडायचं. जी टिकेल, तिचंच बी ठेवायचं."

"हां, म्हणजे सासुरवास!"

*

पंधरा दिवसांनी पाहतो तर सगळ्याच ओळी हिरव्यागार! मॅडम आनंदाने वरच्या साहेबांना फोन लावणार, तेवढ्यात शांताबाई हळूच म्हणाल्या, "लय पिवळ्या पडल्या होत्या बिचाऱ्या. हरभऱ्याचं उरलेलं औषध मारलं मी."

वर्ष वाया गेलं. मॅडमनी फोन ठेवून दिला. मग एवढंच म्हणाल्या, "शांताबाई, तुम्ही नर्स व्हायला हवं होतं."

*

साहेबांनी एकच हंगाम वाढवून दिला. या वेळी जमलं नाही, तर मॅडमचं सहा वर्षांचं काम बंद. मी औषधांच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

तर कुंपणातून बकरी आत! अर्धा वाफा बुडापासून साफ. शांताबाई काडी घेऊन मागे. "आम्ही छळून राह्यलो ते कमी हाय काय, तं तू आली?"

मला रडूच आलं. मॅडमनीच धीर दिला. "ताई, लसूणघास आहे, कापला की पुन्हा फुटतो." फुटलाही! मग आम्ही तांबेरा फवारला.

*

तपासणीच्या दिवशी ओळीमागून ओळ तांबूस ठिपक्यांनी भरलेली. मॅडमचा चेहरा उतरत चालला होता. अगदी शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या. स्वच्छ हिरवी! भिंगातून तीनदा पाहिलं. एक ठिपका नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मॅडमनी मात्र वळून विचारलं, "शांताबाई, खरं सांगा. काही मारलं?"

"नाही जी! किल्ली तं ताईजवळ होती. मी फक्त मीठ-मिरच्यानं दृष्ट काढली."

"फक्त या ओळीची?"

"नाही जी, साऱ्याईची काढली. हिच्यापाशी आली, तवा मिरच्या सरल्या!"