दहावी चिंधी

नवी नळी रुळवणं हे घाईचं काम नव्हे. एक गोळी मारायची, नळी साफ करायची; परत एक गोळी, परत साफ. नेमबाजी करणाऱ्या माझ्या पोरीच्या रायफलीला नवी नळी बसवली तेव्हा मीच छाती काढून म्हणालो, "साफसफाई न्हेमीसारखी माझ्याकडंच. फौजेत जल्म गेला माझा. तू फकस्त नेम धर." केवढा तोरा!

साताऱ्याहून सांगलीच्या रेंजवर जाताना गाडी तिलाच चालवायला दिली. "हात बसू दे तुझा," म्हणालो. खरं कारण वेगळं होतं, पण ते मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

जुन्या बनियनच्या दहा चिंध्या घरूनच कापून नेल्या होत्या. चिंध्या मोजायची सवय फौजेतली. जितक्या नळीत गेल्या तितक्या बाहेर दिसल्या पाहिजेत. एखादी आत राहिली आणि वरून गोळी सुटली, तर नळी फाटते. पोरीचा गाल तर रायफलीला टेकलेलाच असतो.

तीन गोळ्या झाल्या. गजाच्या टोकाला चिंधी लावून मी नळीत सारत होतो, तेवढ्यात रेंजवरचा माणूस आला. "आवं फौजी, च्या घ्या की." मी वळलो, आणि बोलता बोलता गज अर्ध्यातनंच मागं ओढला. मग नळी उजेडाकडं धरून आत पाहिलं. अंधूक. दिवाळीपासनं उजव्या डोळ्याला सगळंच अंधूक दिसत होतं. मेला डोळा, असं मनात म्हणालो आणि रुबाबात ओरडलो, "नळी साफ!"

तिनं रायफल घेतली, कानावर आवाज अडवणारे मफ चढवले आणि सतरंजीवर पालथी पडली.

मी चिंध्या गोळा करायला लागलो. वापरलेल्या आठ, कोरी एक. परत मोजल्या. नऊच. खिसे चाचपले, सतरंजीची कड उचलली. देवा, पोरीचा चेहरा!

"थांब! ए पोरी, थांब!" कान झाकलेले, तिला कुठलं ऐकू येतंय? गोळी भरलेली, बोट घोड्यावर. मागनं हात लावला अन् ती दचकली, तर गोळी सुटणारच. नळीपुढं मेलं तरी जायचं न्हाई, हे मी कित्येक रंगरुटांना शिव्या घालून शिकवलंय. तरी मी गुडघ्यावर पडलो, बाजूनं सरकलो आणि नळीच्या तोंडापुढं पंजा धरला.

तिला समोर एकदम काळोख दिसला असणार. बोट निघालं. मान वर करून तिनं माझा हात पाहिला आणि किंचाळली, "पप्पा! याड लागलं का तुमाला?"

मी नुसताच गजाकडं हात केला. तिनं गोळी काढली, गज सारला. मधोमध अडकलेली चिंधी नळीच्या तोंडातनं खाली पडली. दहावी.

चिंधी उचलून ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी नळीतनं बघितलं हुतं न्हवं?"

"बघितलं. पण उजव्या डोळ्याला दिसत न्हाई गं. दिवाळीपासनं."

"दिवाळीपासनं? म्हंजी इतके दिवस रोज तुमी 'साफ' म्हणायचा, आन् मी रायफलीला गाल टेकवायची?"

"व्हय," मी म्हणालो.