वॉकरचं रबर

आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याच्या गळ्यात सुतळीला बांधलेलं लोहचुंबक असतं. घेतलेला माल तो दारातच निवडतो. चिकटलं ते लोखंड, न चिकटलं ते दुसऱ्या पोत्यात. मोडकं वितळवायला जातं, धड असेल ते पुन्हा कुणाच्या तरी घरात. बोलता बोलता तो आमच्या गेटलाही चुंबक लावून बघतो. मला ते अजिबात आवडत नाही.

वडिलांचा पाय मोडला तेव्हापासून दर वेळी विचारायचा, "अण्णा कसे हायत?" भंगारवाल्याला एवढी काळजी कशाला?

मग एकदा त्यानं वॉकर आणला. रेणापूर नाक्याकडच्या एका घरातून भंगारात आलेला. पायांना सायकलच्या ट्यूबचं नवं रबर त्यानंच बसवलेलं.

"वापरा की. लई धड हाय, वितळवायला टाकू वाटंना."

"ज्यांचा होता ते बरे झाले का?"

"न्हाई," म्हणाला आणि खाली बसून माल निवडू लागला.

अण्णा आता त्यावर अंगणभर फिरतात. तो अजून येतो, "अण्णा कसे हायत?" विचारतो, आणि बघतो मात्र वॉकरच्या पायांकडं. रबर झिजलंय का ते बघतो, की वॉकर कधी मोकळा होतोय ते, मला अजून कळलेलं नाही.