दाजींचा काटा

आमच्या घरातल्या जुन्या इस्त्रीनं मला आजवर जेवढे शॉक दिले असतील, त्याहून जास्त एकट्या आमच्या दाजींनी दिले आहेत, आणि इस्त्री निदान बटण बंद केल्यावर तरी गप्प बसते. दाजी म्हणजे माझे थोरले साडू. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि ते मला लग्नाच्या मांडवात जे ‘पावणं’ म्हणाले ते आजतागायत पावणंच म्हणतात. राहायला कोल्हापुरात, आमच्याच पेठेत, बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. धंदा हुपरीत, चांदीच्या पैंजणांचा. सकाळच्या एसटीनं जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. पैंजण दिसायला भरघोस आणि वजनाला हलकं काढणं ही त्या धंद्यातली कला, आणि तिच्यात दाजींचा हात धरणारा कुणी नाही. पण ही कला कारखान्यात ठेवून घरी यावं, हे काही त्यांना कधी जमलं नाही. जगात जे जे उचलता येतं ते ते उचलून त्याचं वजन सांगितल्याशिवाय या माणसाला चैन पडत नाही.

माझ्या मुलीच्या बारशाला सगळ्या बायका बाळाचं नाक कुणावर गेलंय याचा वाद घालत होत्या. दाजींनी तिला दोन्ही तळव्यांवर घेतलं, डोळे मिटले आणि वजन सांगितलं. ते दवाखान्यातल्या कागदाशी तंतोतंत जुळलं, तेव्हा माझ्या आईनं घाबरून मुलीची दृष्ट काढली. हॉटेलात भाकरी आली की आधी ती हातावर तोलणार, “मागच्या बारीपेक्षा पातळ थापल्या,” असं मालकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगणार, आणि मग तशा चार-पाच पातळ भाकऱ्या मटणाबरोबर संपवणार. एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही दोघांनी खांदा दिला होता. चार पावलं गेलो नाही तोच दाजी मागून माझ्या कानाशी पुटपुटले, “वजन लई उतरलं हुतं वो बिचाऱ्याचं. आजारपण खातंय माणसाला.” माझा खांदाच निसटायला आला. रागानं मागं वळून बघतो तर त्यांचे डोळे भरलेले. दाजींना माणसांविषयी जे काही वाटतं ते वजनाच्याच भाषेत बाहेर पडतं, हे समजायला मला फार वर्षं लागली.

मध्यंतरी अक्काचं, म्हणजे दाजींच्या बायकोचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की यापुढं जड काही उचलायचं नाही. अक्का मुळात तुरुतुरु चालणारी, फाडफाड बोलणारी बाई. ती पाण्याच्या घागरीकडं नुसती बघत बसायला लागली, आणि सबंध घराचाच आवाज कमी झाला. आम्ही सगळे या काळजीत असताना दाजींनी जाहीर केलं, “पावणं, मी सायकल जोडणार हाय. टायटॅनियमची.” टायटॅनियम हा शब्द मी तोवर फक्त दाताच्या डॉक्टरांकडं ऐकला होता. मला वाटलं, बायकोच्या आजारपणाचा धसका घेऊन या माणसाचा तोल गेला.

परदेशातून सायकलीचा नुसता सांगाडा खोक्यात घालून आला, तेव्हा दाजींनी तो एका बोटावर अडकवून मला दाखवला. मग हुपरीहून मुद्दाम आणलेला आकड्याचा काटा हॉलच्या छतातल्या कडीला टांगला, त्याला तो सांगाडा लावला आणि समोर पाटावर मांडी घालून बसले. “ह्याला आपला डाग बसत न्हाय,” ते म्हणाले. डाग म्हणजे चांदी सांधायची रीत. “काळं पडत न्हाय, गंजत न्हाय, पॉलिश मागत न्हाय. जन्मभर चांदी पुसत बसलो की वो मी.” ज्या धातूवर त्यांना पोट भरायचं नव्हतं त्याविषयी एवढी माया मी कुणाच्याही तोंडी ऐकलेली नाही. मग कार्बनचं हँडल आलं, कार्बनची चाकं आली, पायंडल आलं, चेन आली. प्रत्येक वस्तू जोडायची, काट्याला लावायची, तोंड वाकडं करायचं आणि तीच वस्तू त्याहून हलकी मागवायची. स्क्रूसुद्धा टायटॅनियमचे आले. घंटी तर दाजींनी जवळही येऊ दिली नाही. शेवटी सांगाड्यावरचं कंपनीचं स्टिकर नखानं खरवडताना मी त्यांना बघितलं आणि चप्पल घालून घरी आलो. नापास झालेले भाग ते नातेवाइकांना आहेर म्हणून द्यायचे. दिवाळीला मला एक सीट मिळालं. माझ्याकडं सायकल नाही असं मी म्हणालो, तर म्हणाले, “असू द्या की. माल चांगला हाय, नुसता जड हाय.”

आता दाजींचा देह असा, की एसटीत ते बसले की शेजारचा प्रवासी आपोआप उभा राहतो. पेठेत चेष्टा सुरू झाली. पानाच्या ठेल्यावर रोज कुणीतरी म्हणायचं, “दाजी, सायकलीचं जाऊ द्या, आधी पोट उतरवा.” दाजी शांतपणे सांगायचे, “पोट कुठं सायकलीला लावणार हाय मी?” आम्ही सगळे पोट धरून हसायचो. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला कळलं ते सायकल पुरी झाल्यावर.

अक्का देवळात गेली होती आणि दाजी मला सायकल दाखवत होते. सायकल सुरेखच झाली होती, पण बुटकी. मी म्हटलं, “दाजी, माप चुकलं बघा. तुम्ही बसला तर गुडघे कानाला लागतील.” दाजी म्हणाले, “मला कुठं सायकल येत्या?”

मी मटकन खाली बसलो. कडीवरून उतरवलेला काटा पाटावर होता, त्याच्यावरच बसलो. दाजींनी मला उठवलं, काटा पुसून बाजूला ठेवला आणि सांगायला लागले. “पोरं नळीखालनं पाय घालून शिकत हुती, तवा मी वडलांपाशी भट्टीवर बसून पैंजणाच्या कड्या जोडत हुतो. ऱ्हायलंच ते. ही सायकल तुमच्या अक्काची हाय.” ऑपरेशननंतर गुंगी उतरत असताना दाजींनी तिला विचारलं होतं, काय पाहिजे काय? तर ती म्हणाली, “माझा गगनबावडा राहिला.” गडहिंग्लजला कॉलेजात असताना अक्का सायकल अशी मारायची की पोरं मागं पडायची. मैत्रिणींनी मिळून कोल्हापुरातून भाड्याच्या सायकली घेऊन गगनबावड्याला जायचं ठरवलं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी तिला घरी थांबवून घेतलं. मुलगी बघायला पावणे येणार होते. “त्ये पावणं म्हंजे मी,” दाजी म्हणाले. “आन् पोहं चांगलं झालतं म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतलं वो मी.” लग्नाला एवढी वर्षं झाली, अक्कानं हे कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी विचारलं, ते सगळं खरं, पण एवढी हलकी कशाला? दाजींनी मी अगदीच ढ असल्यासारखं माझ्याकडं बघितलं. “दोन जिनं हाईत. जड उचलायचं न्हाय तिनं. आन् माझी सायकल वर आणून द्या असं कुणाला म्हणणारी बाई हाय व्हय ती?”

खंडेनवमीला सायकलीची पूजा ठरली. सासूबाई गडहिंग्लजहून झेंडूचा भला दांडगा हार घेऊन आल्या. दाजींनी तो काट्याला लावला आणि एकेक फूल काढायला बसले. लिंबू-मिरची बांधायची वेळ आली तेव्हा लिंबू लहान आणा म्हणाले आणि मिरच्यांतल्या निम्म्या काढून टाकल्या. “चांदी तोलून तोलून डोस्कं हलकं झालंय जावयाचं,” असं सासूबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, तेही दाजींच्या देखत. नारळ फुटला, आणि दाजी अक्काला म्हणाले, “बस की.” एवढंच. नेहमी घसा फोडून बोलणारा माणूस, पण हे ते इतकं हळू म्हणाले की मला अवघडल्यासारखं झालं. अक्का सायकलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “खूळ लागलंय काय तुम्हाला? ह्या वयात पेठंतनं सायकल मारत फिरू व्हय मी? मी न्हाय बसत.” आणि पुरण खाली लागेल म्हणून आत निघून गेली. दाजी नारळाचे तुकडे वाटत राहिले. मला त्या दिवशी या माणसाची फार दया आली, आणि अक्काचा राग आला.

हार सुकला, मिरच्या वाळल्या. दाजी रोज संध्याकाळी हुपरीहून आले की सायकल पुसायचे, काट्याला लावायचे आणि काट्यावरचा आकडा बघून पुन्हा भिंतीला टेकवायचे. आजारी माणसाचा ताप बघावा तसं चाललं होतं ते. हिवाळा असाच गेला. मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, आणि आवाज असा कापत होता की मी अनवाणीच धावलो. “पावणं, सायकलीचं वजन वाढलंय.”

जाऊन बघतो तर सायकल उलटी आणि दाजी तिच्यापुढं गुडघ्यावर. अक्का खाली भाजी आणायला गेली होती. मी म्हटलं, “काटा बिघडला असंल.” काट्यावर शंका घेतल्याबद्दल त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. मग ब्रेकच्या बेचक्यात नख घातलं आणि काहीतरी खरवडून काढलं. चिखल होता. काळा, वाळलेला. मी म्हणालो, “चोर?” दाजी म्हणाले, “चोर परत आणून ठेवतोय व्हय?” आणि तसेच भिंतीला टेकून बसले. त्यांचा चेहरा सकाळी दार उघडून बघावं आणि वाट बघून सोडून दिलेला पाहुणा आलेला दिसावा तसा झाला होता. मीच काय ते बोलत सुटलो, की अक्का आली की विचारू, आता पेढेच वाटू. त्यांनी माझा हात धरला. “एक शबूद बोलायचा न्हाय. आपून बघतोय म्हटलं की बंद करंल ती.” फडक्यानं तेवढी जागा पुसली, सायकल होती तशी उभी केली, आणि अक्का पिशवी घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं पेपर वाचत होतो. पेपर कालचा होता.

त्यानंतर आमचा दोघांचा एक चोरटा उद्योग सुरू झाला. दाजी सकाळी एसटीला गेले की अक्का सायकल घेऊन बाहेर पडायची आणि ते यायच्या आत ती पुसून जागेवर लावायची. पुसायची चांगली, पण दाजींच्या काट्यापुढं कुणाचं पुसणं टिकणार? ते तिनं राहू दिलेलं शोधून काढायचे आणि मला फोनवर हळूच सांगायचे. आज काळी माती, नदीपर्यंत गेलती. आज चेनीत उसाचं पाचट घावलं, म्हंजे गगनबावड्याच्या वाटंवर पार कळे गावापतोर पोचली. एखाद्या दिवशी वजन जसंच्या तसं भरलं की दाजींचा आवाज पडायचा, कंबर धरली असंल म्हणायचे, आणि बायकोला नुसतंच “बरी हाईस न्हवं?” असं विचारून तिच्या शिव्या खायचे.

परवा वळीव पडून गेला, आणि दाजींनी मला फोन न करता निरोप धाडला, की या. हॉलमध्ये सायकल उभी होती. दाजींच्या तळहातावर सीटच्या खालून काढलेली चिमूटभर माती होती. तांबडी. कोल्हापूरच्या आसपास सगळी काळी जमीन, तांबडी माती लागते ती घाटाच्या माथ्याला, गगनबावड्याला. आम्ही दोघं तिच्याकडं बघत असताना अक्का चहा घेऊन बाहेर आली. तिचं नाक उन्हानं सोललं होतं, चालताना पाय ताठत होते, आणि कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती. “काय बघाय लागलाय दोघं?” तिनं विचारलं. दाजींनी मूठ मिटली. “काय न्हाय, चेनीला तेल घालाय लागलोय,” म्हणाले. अक्का आमच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली, चहा ठेवला आणि आत गेली.

दाजींनी मूठ उघडली. काटा शेजारीच होता, पण त्यांनी तो घेतला नाही. माझ्या मुलीच्या बारशाला मिटले होते तसे डोळे मिटले आणि ती चिमूट तळव्यावर तशीच धरून बसले. मी आकड्याची वाट बघत होतो. “किती भरली, दाजी?” मी शेवटी विचारलं.

“कळंना वो, पावणं,” दाजी म्हणाले. आतून अक्का चहा गार व्हायलाय म्हणून ओरडत होती, तरी ते डोळे उघडेनात.